स्मृती

स्मृती : घेतलेला अनुभव, मिळवलेली माहिती किंवा अंगवळणी पडलेले कौशल्य मनात टिकवून पुढे वापरता येण्याची क्षमता. बोधनिक मानसशास्त्रात तिचे तीन टप्पे मानतात. अनुभवाला टिकाऊ रूप देणे म्हणजे संकेतन, ते रूप टिकून राहणे म्हणजे धारण आणि वेळेला ते हाती लागणे म्हणजे प्रत्यावाहन. हे शब्द सोयीचे असले तरी त्यांमुळे मनात धान्याच्या कोठाराचे चित्र उभे राहते: आत टाकले तेवढेच आणि तसेच बाहेर काढायचे. गेल्या शतकातील प्रयोगांनी हे चित्र मोडीत काढले. आठवणे ही दर वेळी नव्याने होणारी जुळणी असते, आणि मूळ अनुभवाच्या तुकड्यांबरोबर नंतर ऐकलेले, वाचलेले, गृहीत धरलेले असे बरेच काही त्या जुळणीत मिसळते.

रोजच्या मराठीने स्मृतीचे काही प्रकार मानसशास्त्राच्या आधीच वेगळे ओळखले होते. ‘लक्षात ठेवणे’ या शब्दप्रयोगात लक्ष देण्याची अट आलेली आहे. ‘पाठ असणे’ वेगळे, ‘आठवण येणे’ वेगळे आणि शिवणयंत्रावर किंवा तबल्यावर ‘हात बसणे’ त्याहून वेगळे. व्याकरणही बोलके आहे. ‘मला आठवले’ असे आपण म्हणतो, म्हणजे आठवण आपल्याकडे येते. ‘मी विसरलो’ म्हणताना मात्र कर्तेपण, आणि त्याबरोबर दोषही, स्वतःकडे घेतो. प्रयोगांचा कौल असा की विसरणेदेखील बहुतेक वेळा आपल्या हातात नसते.

भारतीय दर्शनांत स्मृतीचा विचार सूक्ष्मपणे झाला आहे. नैयायिकांच्या मते ती पूर्वानुभवाच्या संस्कारातून उपजते आणि नवे काही कळवत नाही, म्हणून तिला यथार्थ अनुभवाचा, म्हणजे प्रमेचा, दर्जा नाही. साक्षीदाराच्या आठवणीविषयीचे आजचे संशोधन वाचताना ही सावधगिरी आठवल्यावाचून राहत नाही. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्मृती जागी करणाऱ्या कारणांची लांबलचक यादी आहे. एकाग्रता, अभ्यास, साम्य, वियोग, सुख, दुःख, भय अशी ती जाते.

प्रायोगिक अभ्यासाचा आरंभ : जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) यांनी स्मृती मोजता येते हे प्रथम दाखवले. प्रयोगाला माणूस एकच, ते स्वतः. अर्थाची मदत होऊ नये म्हणून दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून त्यांनी सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या न चुकता म्हणता येईपर्यंत घोकल्या आणि ठरावीक काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो हे मोजले. वाचलेला वेळ म्हणजे शिल्लक राहिलेली स्मृती, हे त्यांचे माप. वीस मिनिटांनी ही शिल्लक सुमारे ५८ टक्के होती, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनी २१. घसरण सुरुवातीला कड्यावरून कोसळल्यासारखी आणि पुढे अगदी मंद. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ‘विस्मरण वक्र’ २०१५ मध्ये पुन्हा तपासला गेला, तेव्हाही त्याचा आकार जवळपास तोच निघाला. मानसशास्त्रात असे भाग्य फार थोड्या निष्कर्षांच्या वाट्याला येते.

केंब्रिज येथील फ्रेडरिक बार्टलेट यांना मात्र अर्थ काढून टाकलेल्या स्मृतीत रस नव्हता. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींची भुतांच्या लढाईची एक कथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने, काहींना पुन्हापुन्हा, सांगायला लावली. कथा दर खेपेला आखूड झाली, तिच्यातले अनोळखी तपशील गळाले आणि उरलेले ओळखीचे बनले. मूळच्या झाडाच्या होडीची साधी नाव झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. सांगणाऱ्यांना आपण काही बदलले याची जाणीवही नव्हती. माणूस जुन्या अनुभवातून तयार झालेल्या साच्यात, म्हणजे स्कीमात, नवा अनुभव बसवतो आणि आठवताना त्या साच्यावरूनच तो पुन्हा उभारतो, असे बार्टलेट यांनी १९३२ च्या ग्रंथात मांडले. पुढची काही दशके वर्तनवादाचा जोर असल्याने या मांडणीकडे फारसे कोणी वळले नाही. एबिंगहाउस यांनी काटेकोरपणा दिला, बार्टलेट यांनी प्रश्न दिला. आजचे संशोधन दुसऱ्याच्या वाटेवर अधिक चालले आहे.

क्षणाची आणि कामापुरती स्मृती : १९६० मध्ये जॉर्ज स्पर्लिंग यांनी बारा अक्षरांचा तक्ता सेकंदाच्या विसाव्या भागापुरता दाखवला. लोकांना चार-पाच अक्षरे सांगता येत. पण तक्ता नाहीसा होताच विशिष्ट स्वर वाजवून एकच ओळ विचारली, तर कोणत्याही ओळीतील चारपैकी सरासरी तीन अक्षरे सांगता येत. म्हणजे क्षणभर जवळजवळ सगळा तक्ता डोळ्यांसमोर होता. सांगेसांगेपर्यंत तो विरत होता. हीच संवेदनिक स्मृती.

तिच्यातले जे लक्षात घेतले जाते ते अल्पकालीन स्मृतीत येते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सात, त्यात दोन कमी किंवा दोन अधिक, अशी सांगितली. नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या फेरतपासणीत ती चारच्या आसपास आली. मर्यादा असते ती गटांवर, आणि गट केवढा करायचा हे आपल्या ज्ञानावर ठरते. दहा आकडी मोबाइल नंबर आपण पाच-पाच आकड्यांत तोडून सांगतो तो यामुळेच. अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने सुमारे २३० तासांच्या सरावानंतर एकदाच ऐकलेले ७९ आकडे क्रमाने म्हणून दाखवले. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता, आकड्यांचे गट तो शर्यतीच्या वेळा म्हणून लक्षात ठेवी. हा प्रयोग १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला खरा धडा पुढे आहे: आकड्यांऐवजी अक्षरे दिल्यावर तोच विद्यार्थी सहावर अडकला. स्मरणशक्ती व्यायामाने स्नायूसारखी एकंदर वाढते, असे सांगून वर्ग चालवणाऱ्यांनी हा तपशील सहसा सांगितलेला नसतो.

१९६८ मध्ये रिचर्ड ॲटकिन्सन आणि रिचर्ड शिफ्रिन यांनी संवेदनिक, अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशी तीन कप्प्यांची मांडणी केली. पाठ्यपुस्तकांत अजून तीच आकृती छापतात. पण अल्पकालीन स्मृती नुसती वाटेवरची धर्मशाळा नाही, तिथे काम चालते. मनातल्या मनात सत्तावीस गुणिले चार करताना मधला हातचा धरून ठेवावा लागतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ मध्ये तिला कार्यरत स्मृती म्हटले. तिच्यात उच्चार मनात घोळवणारी एक यंत्रणा, दृश्ये व जागा धरून ठेवणारी दुसरी आणि दोहोंवर लक्ष वाटून देणारा नियंत्रक आहे, असे त्यांनी दाखवले. घोळवण्याच्या यंत्रणेत साधारण दोन सेकंदांत उच्चारता येईल एवढेच मावते. त्यामुळे ज्या भाषेत अंकांची नावे लांब, त्या भाषेत एका दमात लक्षात राहणारे अंक कमी. वेल्श आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांवरील प्रयोगांत हा फरक आढळला.

दीर्घकालीन स्मृती एक नाही : अमेरिकेतील हेन्री मोलेसन (१९२६–२००८) यांच्या हयातीत शास्त्रीय लेखनात त्यांचे नाव फक्त ‘एच. एम.’ असे येई. फेफऱ्याचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये विल्यम स्कोव्हिल यांनी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतला भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा बराच अंश गेला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बोलणे नीट राहिले. मात्र नवी घटना त्यांच्या मनात टिकेना. ओळख करून घेतलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की तो त्यांना नवखाच वाटे. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांचा हात सफाईने चालू लागला, आणि दर दिवशी ते सांगत की असे काम आपण पूर्वी कधी केलेले नाही. हात बसला होता, आठवण नव्हती. घटनांची स्मृती आणि कौशल्यांची स्मृती मेंदूच्या वेगवेगळ्या व्यवस्थांवर चालतात, हे या एका माणसामुळे स्पष्ट झाले. मानसशास्त्राच्या इतिहासात इतके शिकवून गेलेला दुसरा रुग्ण नाही.

जाणीवपूर्वक सांगता येणाऱ्या स्मृतीतही एंडेल टुल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये आणखी एक रेघ ओढली. पानिपतची तिसरी लढाई १७६१ मध्ये झाली हे माहीत असणे ही ज्ञानविषयक स्मृती. ते कोणत्या वर्गात, कोणत्या बाकावर बसून ऐकले हे आठवणे ही प्रसंगविषयक स्मृती. टुल्व्हिंग यांनी अभ्यासलेल्या ‘के. सी.’ या रुग्णाची दुसरी स्मृती अपघातात पूर्ण गेली होती. त्याला बुद्धिबळ खेळता येई, पण खेळलेला एकही डाव आठवत नसे. उद्या काय करशील, या प्रश्नापुढेही त्याचे मन कोरे राही. भूतकाळ आठवणे आणि भविष्य कल्पिणे ही एकाच यंत्रणेची कामे असावीत, हा विचार अशा रुग्णांवरून पुढे आला.

पेशींच्या पातळीवर स्मृती म्हणजे मज्जापेशींमधील जोडांच्या बळात होणारा बदल. सागरी गोगलगाईवरील या संशोधनासाठी एरिक कँडल यांना २००० चा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला.

विस्मरण आणि खूण : विसरलेले सगळेच पुसले गेलेले नसते. एखादे नाव ‘अगदी ओठांवर’ असते आणि येत नाही; तरी त्याचे पहिले अक्षर, लांबी सांगता येते, असे १९६६ मध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी मोजून दाखवले. अडचण साठ्यात नसून खुणेत असते. शिकताना जी खूण अनुभवाला चिकटली तीच आठवताना कामी येते, हे टुल्व्हिंग यांचे तत्त्व. न्यायसूत्रांतील यादी अशा खुणांचीच आहे. पाण्याखाली ऐकलेले शब्द पाणबुड्यांना पाण्याखालीच अधिक आठवले, हा १९७५ चा स्कॉटलंडमधील प्रयोग या संदर्भात हटकून सांगतात. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनःप्रयोगात तो परिणाम मिळाला नाही. भोवतालच्या जागेचा प्रभाव वाटला होता त्यापेक्षा लहान असावा.

विस्मरणाचे दुसरे मोठे कारण व्यत्यय. घराच्या नव्या पत्त्याचा पिनकोड सांगताना जुना तोंडात येतो आणि नवा रुळला की जुना आठवत नाही. १९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांना आढळले की पाठ करून झोपलेल्यांना, तेवढाच वेळ जागे राहिलेल्यांपेक्षा, अधिक आठवते. रात्र जागून अभ्यास करणाऱ्यांच्या घरात हे माहीत असणे बरे.

साक्षीदाराची स्मृती : एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारअपघाताच्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात क्रियापद तेवढे बदलले. गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ म्हटले तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ३२ मैल आले, ‘जोरात आदळल्या’ म्हटले तेव्हा सुमारे ४१. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारले, की फुटलेली काच दिसली होती का? ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, ‘धडकल्या’ असा सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. फितीत काच फुटलेलीच नव्हती. चौकशी करणाऱ्याचा शब्द साक्षीदाराच्या आठवणीचा भाग होतो, इतका सरळ याचा अर्थ आहे.

खात्री ही खरेपणाची खूण मानावी, तर तीही टिकत नाही. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचे चॅलेंजर अवकाशयान कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कशी कळली हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारले तेव्हा अनेकांच्या हकिकती पार बदललेल्या होत्या आणि सांगण्यातला विश्वास मात्र पक्का होता. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवूनही काही जण आताची हकिकतच खरी मानत राहिले. आठवण जागी होताना काही काळ मऊ होते व बदलून पुन्हा घट्ट होऊ शकते, याला २००० मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी आधार दिला.

अभ्यासाशी संबंध : पुन्हा पुन्हा वाचणे आणि न पाहता आठवून पाहणे यांची तुलना हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये केली. चार वेळा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८३ टक्के मजकूर आठवला. एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने पहिले ४० वर आले, दुसरे ६१ वर राहिले. वाचताना ‘येते आहे’ असे वाटते ते या पहिल्या पाच मिनिटांचे. सराव एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने केला तर तो अधिक टिकतो, हेही अनेक प्रयोगांत दिसले आहे. अर्थ लावून शिकलेले नुसत्या आकारावर किंवा उच्चारावर लक्ष देऊन शिकलेल्यापेक्षा टिकते, ही १९७२ मधील क्रेक आणि लॉकहार्ट यांची मांडणीही येथे लागू पडते.

मराठी घरांत दिवेलागणीला मुलांकडून पाढे, पावकी-निमकी, तिथी आणि नक्षत्रांची नावे मोठ्याने म्हणून घेत. या परवच्यात न पाहता आठवणे होते आणि रोजचे अंतरही होते, म्हणजे आजच्या संशोधनाने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी दोन. अर्थाची तिसरी बाजू लंगडी राही. तरी परवचा म्हटलेल्या पिढीला औटकी, म्हणजे साडेतीनपटीचा पाढा, साठीनंतरही म्हणता येई.