भुलीतली थंडी

जखमी माणसाला थंडी मारते, हे लष्करी वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. १९१७ साली अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन फ्रान्समधील बेथ्यून येथे ब्रिटिश जखमींच्या छावणीत काम करू लागले, तेव्हा खंदकांतून येणारे सैनिक ओल्या गणवेशात गारठलेले असत. ओले कपडे उतरवणे आणि ऊब देणे हा मग उपचाराचाच भाग झाला. शत्रू मुख्यतः बाहेरचा होता: चिखल आणि पाऊस.

पुढे भूलशास्त्र शस्त्रक्रियागृह सोडून रस्त्यावर आले. लंडनमध्ये १९८९पासून हेलिकॉप्टर सेवा सुरू झाली. तिचे डॉक्टर अपघातस्थळीच जखमीला भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालू लागले. डोक्याला गंभीर मार लागलेल्यांना हा उपाय जीवदायी ठरू शकतो. मात्र त्याची किंमत शरीराचे तापमान चुकवते. जागा माणूस जरासा गार पडला तरी त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, मग हुडहुडी भरते. भुलीत हे पहारे दोन ते चार अंश उशिरा जागे होतात. स्नायू शिथिल करणारे औषध दिले की हुडहुडीही उरत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात आणि माजघरातली ऊब अंगणात सांडावी तशी गाभ्यातली उष्णता हातापायांकडे वाहते. शस्त्रक्रियागृहातल्या धडधाकट माणसाचेही गाभ्याचे तापमान भुलीच्या पहिल्या तासात एक ते दीड अंशाने उतरते.

जखमीला हे परवडत नाही, कारण गार रक्त नीट गोठत नाही. १९८७ साली अमेरिकेत ७१ जखमींची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ज्यांचे तापमान ३२ अंशांखाली गेले, त्यांतला एकही वाचला नाही. संख्या लहान खरी, पण शल्यविशारदांना हादरवायला पुरेशी.

२०१२ साली लंडनच्या डॉक्टरांनी थेट तुलना मांडली. रुग्णालयाबाहेर भूल दिलेले जखमी जागेपणी आणलेल्यांपेक्षा सुमारे एक अंशाने गार होते. विशेष म्हणजे उन्हाळा-हिवाळ्याने या तापमानात फरक पडलेला दिसला नाही.

हा शेवटचा तपशील भारतासाठी मोलाचा आहे. ‘आपल्याकडे कसली आली थंडी?’ ही समजूत इथे सहज रुजते. २००५ साली हैदराबादहून सुरू झालेली १०८ सेवा आज अनेक राज्यांत धावते. लहान गावातल्या दवाखान्यात नळी घातलेला रुग्ण तासन्‌तासांच्या प्रवासाने शहरात पोहोचतो. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असले, तरी वातानुकूलित रुग्णवाहिकेतली सलाइनची बाटली २४ अंशांची, म्हणजे रक्तापेक्षा १३ अंश गार असू शकते. भूल दिलेला रुग्ण तक्रार करत नाही, थरथरतही नाही. उत्तराखंडात तर ऋषिकेशच्या एम्सची हेलिकॉप्टर रुग्णसेवा ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाली आहे, आणि उंची दर हजार मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होत जाते.