‘झाले’ म्हणजे नेमके काय? सॉफ्टवेअर क्षेत्रातील पूर्णत्वाची व्याख्या

सॉफ्टवेअर घडविणाऱ्या चमूंमध्ये ‘डेफिनिशन ऑफ डन’ ही संज्ञा रूढ आहे. मराठीत तिला ‘पूर्णत्वाची व्याख्या’ म्हणता येईल. एखादे काम झाले असे जाहीर करण्यापूर्वी त्याने कोणत्या अटी पूर्ण केलेल्या असाव्यात, याविषयी आधीच केलेला आणि सर्वांना ठाऊक असलेला ठराव, असा तिचा अर्थ.

वरवर पाहता हा शब्दांचा काथ्याकूट वाटेल. परंतु या व्यवसायात ‘झाले’चा अर्थ माणसागणिक बदलतो. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या लेखी ती त्याच्या संगणकावर चालली की काम झाले. चाचणी घेणाऱ्याच्या लेखी दोष सापडेनासे झाले की झाले. ग्राहकाच्या लेखी मात्र ते हाती पडून वापरता आले तरच. शिवाय अर्धवट बांधलेली भिंत रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते, अर्धवट आज्ञावली व्यवस्थापकालाही दिसत नाही.

फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे 17 तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी ‘अजाइल’ जाहीरनामा सिद्ध केला. चालते सॉफ्टवेअर हेच प्रगतीचे प्रमुख मोजमाप, हे त्यातील एक तत्त्व. चालते कशाला म्हणावे, हा प्रश्न त्यानंतर ओघानेच आला. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या ‘स्क्रम गाइड’मध्ये त्याचे उत्तर मिळते. या पद्धतीत काम एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीच्या ‘स्प्रिंट’मध्ये विभागले जाते. नोव्हेंबर 2020 च्या आवृत्तीनुसार, व्याख्येत न बसणारे काम ग्राहकाला देता येत नाही. इतकेच नव्हे, तर स्प्रिंटच्या अखेरच्या आढाव्यात मांडताही येत नाही. ते उर्वरित कामांच्या यादीत परत जाते. ‘नव्वद टक्के झाले’ या आपल्याकडील लाडक्या उत्तराला तेथे जागा नाही.

स्वीकृतीचे निकष आणि ही व्याख्या यांत नेहमी गल्लत होते. वीजबिल भरण्याचे ॲप घ्या. रक्कम भरताच पावती मिळावी, हा त्या एका कामापुरता निकष. सहकाऱ्याने आज्ञावली तपासलेली असावी, सर्व स्वयंचलित चाचण्या उत्तीर्ण व्हाव्यात, नव्या बदलाने जुने काही बिघडू नये, या अटी मात्र प्रत्येक कामाला लागू. त्या व्याख्येत येतात. मराठी वापरकर्त्यांसाठीच्या ॲपमध्ये देवनागरी नीट उमटण्याची अटही तेथे असायला हवी. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले, तर डोंगरातला माणूस थेट समुद्रात जाऊन पडायचा!

संस्थेने प्रमाण व्याख्या ठरविली असेल, तर ती प्रत्येक चमूसाठी किमान मर्यादा ठरते. नसेल, तर चमूने स्वतः ठरवायची. एकाच उत्पादनावर अनेक चमू काम करीत असतील, तर सर्वांची व्याख्या एकच असावी लागते. व्यवहारात खरी कसोटी लागते ती मुदत जवळ आल्यावर. पहिली कात्री बहुधा चाचणीला लागते. म्हणूनच पाळली न जाणारी वीस अटींची यादी भिंतीवर लावण्यापेक्षा खरोखर पाळल्या जाणाऱ्या पाच अटी बऱ्या. पुढे त्यांत भर घालता येते.

पद्धत कोणतीही असो, सुट्या भागांचे ‘झाले’ म्हणजे संपूर्ण कामाचे ‘झाले’ नव्हे, हे अमेरिकेच्या आरोग्यविमा संकेतस्थळाने दाखवून दिले. ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ 1 ऑक्टोबर 2013 रोजी सुरू झाले. निरनिराळे भाग निरनिराळ्या कंत्राटदारांनी बनविले होते. मात्र सर्व भाग जोडून आरंभापासून शेवटपर्यंतची चाचणी झाली ती उद्घाटनापूर्वीच्या जेमतेम दोन आठवड्यांत, असे कंत्राटदारांनीच काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले. लाखो लोकांनी संकेतस्थळ उघडले. पहिल्या दिवसअखेर नोंदणी पूर्ण झाली ती 6 जणांची. दुरुस्तीसाठी बाहेरून तज्ज्ञ बोलवावे लागले आणि बहुतांश नागरिकांना ते सुरळीत वापरता येईपर्यंत नोव्हेंबर सरला.