शकुंतला: कापसाची गाडी, माणसांची सोय

यवतमाळ-मूर्तिजापूर या सुमारे ११३ किलोमीटरच्या अरुंद मार्गावरची 'शकुंतला' कापसासाठी जन्मली, हे खरेच. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये स्थापलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीला वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे धाडायचा होता. पण तिचा इतिहास केवळ वसाहतीच्या लुटीचा मानला, तर दारव्ह्यासारख्या ठिकाणी चढणारा प्रवासी त्यातून गळतो. अडीच फुटी रुळांवरच्या त्या डब्यांत शेतमजूर, विद्यार्थी, बाजारहाट करणाऱ्या बाया दाटीवाटीने बसत. शेवटच्या काळात मोजकेच कर्मचारी तिकीट देणे, फाटक लावणे, इंजिन जोडणे अशी सारी कामे करीत. अशा काटकसरीमुळेच तिकीट स्वस्त राहिले; युरोपातल्या स्वस्त विमानसेवांनीही सोयी कमी करूनच भाडे उतरवले आणि सामान्यांना प्रवास खुला केला.

एसटी लवकर पोहोचवते, मग तोट्यातली गाडी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. एसटीचा वेग मान्यच आहे. पण गाडीची मंदगती रुळांच्या दुरवस्थेतूनही आली होती. १९९४ मध्ये वाफेचे इंजिन जाऊन डिझेल आले, तरी मार्ग जुनाच राहिला. शिवाय ज्याच्या खिशात एसटीचे भाडे नाही, त्याला वेगाचा उपयोग काय? म्हणून वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचे मोलही गरिबाला परवडणाऱ्या तिकिटावरून ठरले पाहिजे. यवतमाळच्या प्रवाशाचा तेवढा हक्क आहेच.