कालच्या कादंबऱ्यांचें दप्तर



वाई म्हटली कीं कृष्णेचे घाट आणि ढोल्या गणपति आठवतात. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र वि. का. राजवाडेही आठवतात. वाईस मिळालेल्या पानिपतकालीन पत्रांवरून त्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड सिद्ध केला. पुढें १९०२ सालीं त्यांनींच 'कादंबरी' हा निबंध लिहून मराठी कादंबरीचा परामर्श घेतला. या दोन कामांपैकीं अधिक बिकट कोणतें, असें कोणीं विचारल्यास मी दुसऱ्याकडे बोट दाखवीन. जुनीं पत्रें काळानें निवडून ठेविलेलीं असतात. चालू काळांतील कथावाङ्मयाची निवड कोणीच केलेली नसते.

रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा यांचा आढावा घेणाऱ्यास पहिली अडचण येते ती संख्येची. एकट्या बाबूराव अर्नाळकरांच्याच रहस्यकथा हजारांहून अधिक! त्या सर्व वाचावयाच्या केव्हां, आणि न वाचतां त्यांवर मत द्यावयाचें कसें?

दुसरी अडचण वर्गीकरणाची. भयकथाकार म्हणून ख्याति पावलेल्या नारायण धारपांनीं विज्ञानकथाही लिहिल्या. त्यांस कोणत्या कप्प्यांत बसवावें? नांवावरही विसंबतां येत नाहीं. जयंत नारळीकरांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस आपली कथा धाडली ती नारायण विनायक जगताप या नांवानें.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर; ती साधनांची. जुन्या घराण्यांनीं वतनाच्या आशेनें कां होईना, कागद रुमालांत बांधून जतन केले. रहस्यकथेस असा रुमाल कोण बांधणार? वाचनालयांतून ती शंभर हातीं फिरते, पानें सुटतात आणि शेवटीं ती रद्दींत जाते. म्हणजे जें पुस्तक अधिक वाचलें गेलें, तेंच आधीं नाहींसें होतें! उरलेल्या प्रतींवरून लोकरुचि ठरवूं जाणारा इतिहासकार त्यामुळें नेमका फसतो.

म्हणून आढावा लिहिणाऱ्यानें आपण काय वाचलें व काय वाचलें नाहीं, हें प्रथम प्रांजळपणें सांगावें. आपणांस मात्र एवढीच विनंति कीं, माळ्यावरील जुनी रहस्यकथा रद्दींत घालण्यापूर्वीं तिचें मुखपृष्ठ, वर्ष आणि किंमत तरी टिपून ठेवा. वाईच्या दप्तरांस राजवाडे भेटले. या दप्तरासही कोणी भेटेल, पण तोंवर तें उरलें पाहिजे.