बाधा आणि औषध

बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराई येथे सैलानीबाबांचा दर्गा आहे. यात्रेत नारळांची होळी पेटते. बाधा जळावी म्हणून रुग्णांची वस्त्रेही तीत पडतात. आपण हसतो. परंतु वैद्य व मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स यांचा १९२४ सालचा ग्रंथ आपणांस थांबवितो: रोगाचे जे कारण मानावे, त्याला अनुरूपच उपचार सुचतो. बाधा मानली की अग्नी आलाच. चूक असते ती कारणात. आणि कारणाचा शोध हीच तर वैद्यकाची सुरुवात. ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया हा आजार असल्याचे मराठी घरांना दाखविले. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधणे निषिद्ध ठरविले. तरीही माणसे दर्ग्याकडे दिलासा शोधीत येतात. औषधासोबत तो दिलासा आपण देतो काय?