बेगमपेठचा निनावी डास

वाचकहो, हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांना रोनाल्ड रॉस यांची गोष्ट नवी नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्यांना डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू वाढताना दिसला आणि १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बेगमपेठची ती जुनी वास्तू आजही उभी आहे. गोष्ट इथेच संपवण्याची आपली रीत आहे. मला मात्र त्या दिवसाच्या आधीच्या दोन वर्षांविषयी बोलायचे आहे. सूक्ष्मदर्शक हाताशी होते, रुग्ण हाताशी होते, डासावरचा संशय पक्का होता. मग इतका उशीर का झाला?

१८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी डासांची कल्पना रॉस यांच्या मनात रुजवली. पुढच्याच वर्षी रॉस सिकंदराबादेत आले आणि हिवतापाच्या रुग्णांना चावलेले डास चिरून पाहू लागले. त्यांच्या लेखी डास दोन प्रकारचे, राखी आणि पट्टेदार. आजच्या भाषेत क्युलेक्स आणि एडिस. माणसाच्या हिवतापाचा जंतू या दोहोंत वाढतच नाही. कष्टांत कसूर नव्हती, हात कसलेला होता. पण तपासला जात होता तो डासच भलता होता.

ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांच्या मदतनीसांनी आणलेल्या अळ्यांतून निराळेच डास निघाले. रंग तपकिरी, पंखांवर ठिपके, बसताना शेपटीकडची बाजू वर. हुसेन खान नावाच्या रुग्णाने दर डासामागे एक आणा घेऊन ते स्वतःला चावू दिले. काही दिवसांनी त्यांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत रंगकण असलेल्या गोल पेशी दिसल्या आणि कोडे सुटले.

तरीही त्या डासाचे शास्त्रीय नाव रॉस यांना देता आले नाही. ‘ठिपकेदार पंखांचा’ एवढेच ते म्हणू शकले. वास्तविक मायगेन या जर्मन अभ्यासकाने १८१८ मध्येच ॲनॉफेलिस ही प्रजाती नोंदवली होती. एकोणऐंशी वर्षे नाव युरोपच्या ग्रंथांत होते आणि डास आपल्या डबक्यांत. दोघांची गाठ घालून देणारा मधे कोणी नव्हता.

पुढे रॉस यांची बदली राजपुतान्यातील खेरवाड्यास आणि तिथून कलकत्त्यास झाली. कलकत्त्यात १८९८ मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा जंतू डासाच्या लाळग्रंथीपर्यंत कसा पोहोचतो ते दाखवले. गंमत अशी, की सिकंदराबादेत निरुपयोगी ठरलेला राखी डासच इथे वाहक निघाला. जंतूगणिक डास वेगळा, हा धडा त्यातून मिळाला.

त्याच सुमारास इटलीत ग्रासी हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक दुसऱ्या वाटेने चालले होते. हिवताप असलेल्या गावांतले डास आणि नसलेल्या गावांतले डास त्यांनी ताडून पाहिले, आणि बोट ॲनॉफेलिसकडे वळले. रॉस आणि ग्रासी श्रेयासाठी आयुष्यभर भांडले. आपण त्या भांडणात कशाला पडावे? एकाने रोगापासून कीटकाकडे वाट काढली, दुसऱ्याने कीटकापासून रोगाकडे.

त्यानंतर वर्गीकरणाला एकदम किंमत आली. ब्रिटिश म्युझियममध्ये देशोदेशीचे डास गोळा होऊ लागले आणि १९०१ पासून थिओबाल्ड यांचे डासांवरील बृहद्ग्रंथ निघू लागले. त्याच वर्षी लिस्टन यांनी भारतातील ॲनॉफेलिस स्टीफेन्सी या जातीचे वर्णन केले. हा डास शहरी. त्याला विहिरी, हौद, टाक्या यांतले स्वच्छ पाणी आवडते. १९११ मध्ये बेंटली यांच्या अहवालाने मुंबईच्या हिवतापाचे मूळ घराघरांतल्या विहिरींत दाखवले. विहिरी बंद करण्याला धार्मिक भावनेतून विरोध झाला. पण डास कोणता आणि तो कुठे वाढतो हे कळल्यामुळेच उपाय नेमका करता आला. गटारे उपसून स्टीफेन्सी हटला नसता.

नाव कळले म्हणजे काम संपले असेही नाही. युरोपात काही भागांत ॲनॉफेलिस भरपूर, पण हिवताप नाही, हे कोडे बरीच वर्षे छळत होते. १९२६ मध्ये इटलीच्या फालेरोनी यांनी त्या डासांच्या अंड्यांवरील नक्षी वेगवेगळी असल्याचे दाखवले. एक समजली जाणारी जात खरे तर अनेक जातींचा समूह होती. आपल्या खेड्यांतला मुख्य वाहक क्युलिसिफेसीज हाही पाच जुळ्या जातींचा समूह आहे. डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात, गुणसूत्रांवरून ओळखाव्या लागतात, आणि रोग पसरवण्यात सगळ्या सारख्या नाहीत.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. आमच्या पद्धतीचा उगमही हिवतापाच्या औषधाशी जोडलेला आहे. १७९० मध्ये हानेमान यांनी सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली, तिथून तिची सुरुवात. एकाच तापाचे दोन रुग्ण सारखे नसतात, हे आम्ही पहिल्यापासून शिकतो. तरीही थंडी वाजून ताप आलेल्याला मी आधी रक्त तपासायला पाठवतो. जंतू कोणता, हे केवळ लक्षणांवरून ठरत नाही.

जैन घरात वाढलेल्याला जिवांचे वर्गीकरण बालपणीच भेटते. कृमी द्वीन्द्रिय, मुंगी त्रीन्द्रिय, माशी-डास चतुरिन्द्रिय. ती मांडणी इंद्रियांवरून आहे आणि आचरणासाठी आहे. आधुनिक कीटकशास्त्राचे प्रश्न वेगळे आहेत. पण समोरचा जीव कोणता हे आधी ओळखावे, मग हात उचलावा, ही शिकवण दोन्हीकडे मला सारखीच वाटते. भारतात ॲनॉफेलिसच्या सुमारे साठ जाती आहेत. हिवतापाच्या प्रमुख वाहक जेमतेम सहा. सरसकट फवारणीपेक्षा टाकीला घट्ट झाकण बसवणे स्वस्त, परिणामकारक आणि कमी हिंसेचे.

स्टीफेन्सी आता आशियापुरता उरलेला नाही. २०१२ मध्ये तो आफ्रिकेत जिबूतीला सापडला आणि नंतर इथिओपियातही सापडला. खेड्यांतल्या डासांशी लढायला शिकलेल्या त्या देशांना आता शहरातल्या टाक्या तपासाव्या लागत आहेत. तो वेळीच ओळखला गेला, कारण कोणीतरी अळ्या गोळा करून नाव लावण्याचे कंटाळवाणे काम करत होते. आपल्या नातवंडांपैकी कोणाला डबक्यातल्या अळ्या न्याहाळण्याचा नाद असेल, तर त्याला हटकू नका. रॉस यांना दोन वर्षे अशाच एका माणसाची उणीव होती.