कण्हेर : कमी पाण्यावर फुलणारी, पण जपून लावायची

कॅलिफोर्नियातील महामार्गांच्या दुभाजकांवर, टेक्सासमधील घरांच्या कुंपणालगत आणि आखाती शहरांतील रस्त्यांच्या कडेला भर उन्हाळ्यात गुलाबी, पांढऱ्या व लाल फुलांनी बहरलेले एक झुडूप दिसते. स्थानिक लोक त्याला ओलिअँडर म्हणतात. मराठी माणसाला ते लहानपणापासून ठाऊक आहे ते कण्हेर या नावाने. पाण्याची टंचाई असलेल्या प्रदेशात इतकी कमी निगा मागणारी फुलझाडे थोडीच आहेत. मात्र कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असल्याने ती कोठे आणि कशी लावावी, याचा विचार आधीच करणे आवश्यक ठरते.

परिचय

नेरियम ओलिअँडर हे कण्हेरीचे शास्त्रीय नाव आणि करवीर हे संस्कृत नाव. चाफा आणि सदाफुली तिच्याच कुळातील. भूमध्य सागराच्या परिसरापासून दक्षिण आशियापर्यंत ती मूळची आढळते. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे १८४१ मध्ये ती जमैकाहून आणली गेली आणि पुढे ते शहर तिच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. पिवळी कण्हेर, अर्थात बिट्टी, ही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील निराळी वनस्पती असून तीही विषारीच आहे.

कण्हेरीची पाने जाड व मेणचट असतात. पानांच्या खालच्या बाजूस सूक्ष्म खळगे असून त्यांत केसांच्या आड पर्णरंध्रे दडलेली असतात. त्यामुळे उष्ण वाऱ्यातही बाष्पोत्सर्जन मर्यादित राहते.

लागवड

दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल आणि पाणी साचणार नाही अशी जागा निवडावी. रेताड, चुनखडीची वा काहीशी क्षारयुक्त जमीन तिला चालते. आखातात ऑक्टोबर-नोव्हेंबर हा लागवडीचा उत्तम काळ होय. दोन झुडपांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवावे, कारण उंची सहज तीन-चार मीटर होते. पंधरा सेंटीमीटर लांबीची फांदी ओलसर मातीत खोचल्यास काही आठवड्यांत मुळे धरते. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात ती कुंडीत लावून हिवाळ्यात आत घ्यावी.

निगा

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्यावे. मुळे स्थिरावल्यानंतर पाण्याच्या पाळ्या लांबवाव्यात. खत अधिक झाल्यास पाने वाढतात, फुले घटतात. फुले नव्या फुटीवर येत असल्याने बहर ओसरल्यावर छाटणी करावी. पिवळा मावा दिसल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन टाकावा.

दक्षिण कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकापासून झायलेला नावाच्या जिवाणूमुळे अनेक कण्हेरी वाळल्या. पानांच्या कडा करपतात, मग फांद्या मरतात. हे पाण्याच्या कमतरतेचे लक्षण समजून अधिक पाणी देण्याची चूक होते. या रोगावर उपाय नाही; झाड काढून टाकावे लागते.

खबरदारी

कण्हेरीतील ओलिअँड्रिन हे द्रव्य हृदयाच्या गतीवर परिणाम करते. उलट्या, चक्कर, नाडी मंदावणे वा अनियमित होणे ही विषबाधेची लक्षणे होत. लहान मुले, कुत्री आणि घोडे यांच्या वावराच्या जागी ती लावू नये. छाटणी करताना हातमोजे घालावेत. फांद्या जाळू नयेत, कारण धूरही विषारी असतो. अन्न भाजण्यासाठी त्यांच्या काड्या वापरू नयेत.

मराठी घरांत आणखी एक बाब महत्त्वाची. गणेशपूजेच्या एकवीस पत्रींत कण्हेरीचा समावेश असतो आणि तिची फुले देवाला वाहिली जातात. ही पाने-फुले नैवेद्याच्या ताटापासून, तीर्थापासून आणि प्रसादापासून दूर ठेवावीत. केरळमधील त्रावणकोर देवस्वम मंडळाने मे २०२४ मध्ये नैवेद्य आणि प्रसादातील कण्हेरीच्या फुलांचा वापर थांबवला, तो याच कारणाने.

पान चघळल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये. अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ या विषबाधा मदत क्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा. रुग्ण बेशुद्ध असल्यास किंवा श्वासास त्रास होत असल्यास थेट आपत्कालीन सेवा बोलवावी आणि डॉक्टरांना झाडाचे छायाचित्र दाखवावे.